उद्यानाची हद्द आणि आपली तारीख

ओतूर वनपरिक्षेत्रात आंबेगव्हाण नावाचं गाव आहे. तिथं वनखात्याच्या जागेत बिबट्याची सफारी करायची, अशी योजना काही वर्षं कागदावर फिरते आहे. २०२२ च्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात बिबट सफारीची घोषणा झाली. मग ती जुन्नरला का बारामतीला, यावर पुढाऱ्यांची ओढाताण झाली. वर्तमानपत्रं भरली. आपल्या पोरांत मात्र या योजनेवर दोनच प्रश्न ऐकू येतात. नोकऱ्या किती लागतील? आणि रस्त्याच्या कडेला टपरी टाकू देतील का? प्रश्न चुकीचे नाहीत. ज्याच्या बापाला गुंठाभर जमीन नाही तो आधी टपरीचंच विचारणार. पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. उद्यानाची हद्द कोण आखतो आणि आखताना कुणाला विचारतो?

मित्रांनो, या प्रश्नाला इतिहास आहे. तो शाळेच्या पुस्तकात नाही, कारण बागेलाही इतिहास असतो हे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. त्यांच्या लेखी बाग म्हणजे फुलझाडं, कारंजं, रविवारची सहल. आपल्या लेखी उद्यान म्हणजे आधी एक नकाशा. नकाशावर एक रेघ. रेघेच्या आत कुणाचे सर्व्हे नंबर, कुणाच्या पायवाटा, कुणाचा पाणवठा, कुणाचा मसणवटा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात याची पद्धत घालून दिलेली आहे. सरकारनं अभयारण्य करायचा इरादा जाहीर करायचा, कलेक्टरनं आतल्या माणसांच्या हक्कांची चौकशी करायची, गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला दोन महिन्यांची मुदत द्यायची. दोन महिने! जाहीरनामा चावडीवर लागतो. ज्या चावडीच्या पायरीवर परवापरवापर्यंत आपली माणसं टेकत नव्हती, त्या चावडीवर. त्या दोन महिन्यांत जो बोलला नाही, तो हद्दीच्या आत राहत असूनही कागदावर राहत नसतो.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात हे होऊन गेलं आहे. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. शेकरूसाठी. शेकरू वाचलं पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या जंगलातल्या देवराया महादेव कोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखल्या, म्हणून तर शेकरूला उडी मारायला फांदी उरली होती. राखणारा बाजूला राहिला आणि राखण सरकारच्या नावावर चढली.

आपल्या मुलखात झाडं राखण्याचा इतिहास वनखात्यापासून सुरू होत नाही. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशी सगळी मिळून दोनशेच्या वर बौद्ध लेणी आहेत. आपण तिथं वंदनेला जातो, फोटो काढतो आणि उतरतो. भिंतीवरचे लेख वाचत नाही. त्यातल्या एका लेखात आदुथुम नावाच्या शक उपासकाचं दान नोंदलेलं आहे. वडालिका गावातली २० निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी, आणि कटपुतक गावातली ९ निवर्तनं वडाची झाडं लावण्यासाठी. निवर्तन हे त्या काळचं जमीन मोजायचं माप. अठराशे वर्षं किंवा त्याहून जुनी ही नोंद. जमीन कुठल्या गावची, किती, झाड कुठलं, हे सगळं दगडात उघड कोरलेलं. येणाराजाणारा वाचू शकेल असं. याला म्हणतात जाहीरनामा.

दुसऱ्या एका लेखात दानाची रक्कम कुणाकडं ठेवली ते लिहिलं आहे. बांबूचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं, आणि काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं. म्हणजे बांबू विणणाऱ्या कारागिरांची संस्था त्या काळी लोकांच्या ठेवी सांभाळत होती. बँकेसारखी! आज महाराष्ट्रात बुरूड अनुसूचित जातीत आहेत. त्या श्रेणीतली माणसं नि आजचे बुरूड यांचं रक्ताचं नातं मी जोडत नाही, तसा पुरावा नाही. कामाचं नातं मात्र लपत नाही. ज्या कामावर एकदा गावाचा विश्वास होता, तेच काम पुढं हलकं ठरलं. आणि १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडाच्या व्याख्येत घातलं, ते जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं २०१७ ला काढलं. गवताच्या जातीची वनस्पती नव्वद वर्षं कायद्यानं झाड होती. तेवढी वर्षं टोपली विणणारा परवान्याच्या दारात उभा होता.

एक सांगून ठेवतो. लेण्यांचा काळ सुवर्णकाळ होता असली भाषा आपण वापरायची नाही. त्या वीस निवर्तनांत कुदळ कुणी मारली, करंजाला पाणी कुणी घातलं, हे लेखात नाही. दात्याचं नाव दगडावर आलं. खड्डा खणणाऱ्याचं आलं नाही.

आता थोडं लांब जाऊ. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या इतिहासातलं एक पान आपल्याकडं फारसं वाचलं जात नाही. न्यूयॉर्क शहराच्या मधोमध सेंट्रल पार्क नावाची जगप्रसिद्ध बाग आहे. त्या जागेच्या पश्चिम अंगाला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या माणसांनी तिथं स्वतःच्या पैशानं जमिनीचे तुकडे घेतले, घरं बांधली, चर्च बांधली, शाळा काढली. १८५५ च्या खानेसुमारीत तिथं सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. दोन हिस्से काळी, बाकी बहुतेक गरीब आयरिश. जमीन घेण्यामागं आणखी एक कारण होतं. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटनेप्रमाणं काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर त्याच्या नावावर २५० डॉलरची मालमत्ता लागे. गोऱ्याला ती अट नव्हती. म्हणजे त्या वस्तीतलं घर हे नुसतं घर नव्हतं. ते मत होतं.

१८५३ मध्ये बागेसाठी जमीन घ्यायचा कायदा झाला. शहराला मोकळी हवा पाहिजे, मोठ्या लोकांना बग्गीतून फिरायला जागा पाहिजे. वर्तमानपत्रांनी त्या वस्तीला ओंगळ झोपड्यांचं नाव दिलं. १८५७ पर्यंत वस्ती उठली. पैसे काहींना मिळाले, पण जे मिळाले ते जागेच्या किमतीला धरून नाहीत असं मालकांचं म्हणणं होतं. पुढं १८६३ मध्ये बाग उत्तरेला आणखी चार रस्ते वाढली. शे-सव्वाशे वर्षं त्या बागेत फिरणाऱ्या कुणाला पायाखाली गाव आहे याचा पत्ता नव्हता. २०११ मध्ये तिथं उत्खनन झालं तेव्हा घराचे दगडी पाये निघाले, चहाची किटली निघाली, एका लहान लेकराचा बूट निघाला. ओंगळ झोपड्या म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला जमिनीनं दीडशे वर्षं लावली.

तिकडं मत मिळवायला जमीन लागत होती. आपल्या मुंबईत उलटं झालं. घर मिळवायला मतदारयादी लागली. ती गोष्ट बोरिवलीच्या उद्यानाची, आणि तिच्यात आपल्या तालुक्याचा बिबट्यासुद्धा आहे.

जुन्नर आणि बोरिवली यांचं नातं जुनं. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटानं खाली उतरून कल्याणला, सोपाऱ्याला जाई. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. आजही ओतूरहून माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याणला जाणारी एस.टी. जवळपास त्याच अंगानं जाते. आपल्या पट्ट्यातली कितीतरी घरं याच वाटेनं मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी नाक्यावर. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून माणसं गेली. जागा मिळेल तिथं, म्हणजे शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला, खाणीच्या तोंडाशी झोपडी पडली.

त्या डोंगराचं नाव लेण्यांच्या लेखात कण्हसेल असं आहे. काळा डोंगर. त्याचं कान्हेरी झालं. आणि उद्यान झालं तेव्हा नाव ठेवलं कृष्णगिरी! भिक्खूंच्या काळ्या डोंगराला संस्कृतचं सोवळं नेसवलं. मुळात ते उद्यान फक्त २०.२६ चौरस किलोमीटरचं होतं. १९५० मध्ये मुंबई राज्यानं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. शेजारी विहार आणि तुळशी हे दोन तलाव होते, इंग्रजांनी १८६० आणि १८७९ मध्ये पुरे केलेले. मुंबईच्या नळाला पाणी पाहिजे म्हणून त्या तलावांच्या पाणलोटाचं जंगल राखलं गेलं. हे ध्यानात ठेवा. बोरिवलीचं जंगल वाचलं ते वाघासाठी नाही, नळासाठी वाचलं. आणि नळ आधी कुणाच्या घरात आला हे सांगायला नको.

१९६९ मध्ये उद्यान वाढवायचं ठरलं. भोवतालची राखीव जंगलं जोडली, आरे दूध वसाहतीची दोन हजार हेक्टरांवर जमीन उद्यानाकडं दिली. १९७४ च्या सुमारास ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं. १९८१ मध्ये त्याला संजय गांधींचं नाव दिलं. कार्यकर्त्यांनो, हे नाव जरा थांबून वाचा. १९७६ च्या एप्रिलमध्ये, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरांवर बुलडोझर फिरले, गोळ्या चालल्या. त्या मोहिमेशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्याच्या नावाच्या उद्यानातून पुढं झोपड्या उठवल्या गेल्या. असलं नाव कुणी ठरवूनही सुचवलं नसतं.

उद्यान २० चं १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास झालं. पाचपट. या पाचपटीत काय काय आत आलं? वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आत आले. ते तर नकाशाच्या आधीपासून तिथंच होते. खाणी आल्या. खाणीत दगड फोडणाऱ्यांच्या झोपड्या आल्या. आणि हद्दीच्या कडेला, आत का बाहेर हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं अशा जागी, हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांत मातंग होते, बौद्ध होते, मुसलमान होते, उत्तरेकडचे मजूर होते. कुणी तरी दादानं पैसे घेऊन जागा दिली होती. जागा उद्यानाची आहे असा बोर्ड त्यानं लावला नव्हता. रेशनकार्ड निघालं, मतदारयादीत नाव आलं, वीज आली. पुढारी मतं मागायला आले. तेव्हा हद्द कुणाला दिसली नाही.

१९९५ मध्ये एका पर्यावरण संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ ला आदेश झाला की अतिक्रमणं काढा. ज्याचं नाव १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत आहे त्याला दुसरीकडं जागा मिळेल, पण ७,००० रुपये भरल्यावर. ज्याचं नाव नाही त्याला काही नाही. पुढची दोन-तीन वर्षं बुलडोझर चालले. आधी कल्याणच्या बाजूला जागा दाखवली. कांदिवली-मालाडला धुणंभांडी करणारी बाई कल्याणपलीकडून सकाळी सहाला कशी येणार, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. निवारा हक्क सुरक्षा समितीसारख्या संघटना लढल्या, तेव्हा पुढं चांदिवलीला जुन्या खाणीच्या जागेवर इमारती झाल्या. पाड्यांवरच्या आदिवासींनाही अतिक्रमण करणारे म्हणून याच ओळीत उभं केलं होतं. त्यांना आपण आदिवासी आहोत हेच आधी सिद्ध करत बसावं लागलं.

ही १ जानेवारी १९९५ काय आहे? तारीख आहे. आपल्या माणसाच्या आयुष्यात जन्मतारीख नसते. शाळेत मास्तरनं १ जून लिहिलेलं असतं. पण सरकारी तारखा त्याच्या मानगुटीवर कायम असतात. १९७६ ची झोपडपट्टी गणना. त्या गणनेचं कार्ड असेल तर पर्यायी जागा, असं १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धरलं. त्याच निकालानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात आहे असंही सांगितलं. हक्क मोठा, कार्ड लहान. आणि ज्याच्यापाशी कार्ड नाही त्याला हक्क वाचून दाखवायचा.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं पाहा. उद्यानाच्या त्याच कडेला, मुलुंडला, बोरिवलीला, कांदिवलीला उंच इमारती उभ्या होत्या. त्यातल्या कितीतरी जमिनींवर १९५० च्या दशकात खासगी वनाच्या नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ च्या कायद्यानं महाराष्ट्रातली खासगी वनं सरकारात जमा झाली. त्या आधारानं २००६ च्या सुमाराला सरकारनं सातबाऱ्यावर वन असा शेरा मारला, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं तो योग्य ठरवला. फ्लॅटवाल्यांत हाहाकार! ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. नुसती नोटीस निघाली एवढ्यानं जमीन वन होत नाही. सरकार पन्नास वर्षं झोपलं होतं. परवानग्या घेऊन बांधलेली घरं आता पाडणं लोकहिताचं नाही. कायद्याच्या अंगानं त्या निकालात चूक काढायला मी वकील नाही. त्या घरांत राहणाऱ्यांचं घर गेलं असतं तर मला आनंद झाला नसता. माझं म्हणणं एवढंच. सरकार झोपलं होतं हा बचाव फ्लॅटला लागू झाला. त्याच उद्यानाच्या कडेची झोपडी उभी राहत होती तेव्हाही सरकार झोपलेलंच होतं, आणि तिच्याही दारावर वीजमंडळाचा मीटर होता. फरक परवानगीच्या कागदाचा होता. कागद ज्याला विकत घेता येतो त्याचा काळ वेगळा चालतो.

आपण झाडांच्या विरोधात आहोत असं यावरून कुणी म्हणेल. म्हणू द्या. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा मिठी नदीकाठची कोणती माणसं वाहून गेली? उद्यानातूनच निघते ती नदी. जंगल तुटलं तर आधी आपण बुडतो. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडायला सुरुवात झाली, दोन हजारांवर झाडं गेली, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत पाड्यांवरचे आदिवासी होते, आपली कॉलेजची पोरं होती. पुढं सरकारनं आरेची ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून उद्यानाकडं द्यायचं ठरवलं, २०२१ मध्ये ती दिली. उद्यान पुन्हा वाढलं. चांगलं झालं. पण या वाढीतही प्रश्न तोच राहतो. पाडे हद्दीच्या आत आले तर पाड्यावरच्या माणसाचा हक्क आधी मोजायचा का हद्द आधी आखायची?

आता बिबट्या. आपल्या तालुक्यात बिबट्या वाढला तो डोंगरातून आला म्हणून एवढंच नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे. पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्याला दडायला जागा, कुत्री-शेळ्या खायला. मादी उसातच व्यायला लागली. ऊस मालकाचा, पाणी धरणाचं, आणि रात्री कोपीत उघड्यावर झोपणारं लेकरू ऊसतोड मजुराचं. २००१ पासून वनखात्यानं जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत नेऊन सोडायचा सपाटा लावला. त्यातले काही बोरिवलीच्या उद्यानात सोडले गेले. एका ठिकाणचा धोका उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला, आणि नकाशावर ते नीट दिसलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. मोहिमेआधी जुन्नर भागात माणसावर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. ओळखीची जागा सुटलेलं जनावर बिथरतं. २००४ च्या जूनमध्ये बोरिवलीच्या उद्यानाच्या भोवती बिबट्यानं माणसं मारण्याचा कहर झाला. त्यांत कडेच्या वस्त्यांतली माणसं होती. ज्या वस्तीला संडास नाही तिथं अंधारात बाहेर जावं लागतं.

जनावराला त्याच्या जागेवरून उठवलं की ते बिथरतं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आणि खात्यानं उशिरा का होईना ऐकलं. माणसाला उठवल्यावर काय होतं याचा अभ्यास कोणत्या खात्याकडं आहे?

हा सगळा पसारा मी ओतूरच्या पोरांपुढं का मांडतो आहे? कारण सफारी होईल किंवा न होईल, हद्दी आखणं थांबणार नाही. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदा बदलला आणि अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवर सरकारी प्राणिसंग्रहालय, सफारी हे वनेतर काम नाही असं ठरवलं. म्हणजे आधी केंद्राची जी मंजुरी लागत होती तिची गरजच काढून टाकली. त्याला आव्हान मिळालं. १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की आपल्या परवानगीशिवाय वनजमिनीवर असली प्राणिसंग्रहालयं, सफारी करायची नाहीत. सभेत ही तारीख विचारा. सगळ्या तारखा त्यांनीच आपल्याला विचारायच्या असं कुठं आहे?

आणि आपल्यासाठी सगळ्यात वाईट तारीख २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. हा कायदा चांगला आहे, लढून मिळालेला आहे. अभयारण्याला, राष्ट्रीय उद्यानालाही तो लागू आहे. आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधी वनजमिनीवर राहत आणि कसत असेल तर त्याला हक्क. दलित, भटके, इतर सगळे यांना मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतात. त्यांनी त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची वस्ती दाखवायची. पिढी २५ वर्षांची. एकूण ७५. म्हणजे १३ डिसेंबर १९३० च्या आधीपासून आपण तिथं होतो हे सिद्ध करायचं. १९३० चा डिसेंबर! बाबासाहेब तेव्हा लंडनला गोलमेज परिषदेत आपल्याला माणूस म्हणून मोजा असं सांगत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. ज्या काळात आपल्याला देवळात पाऊल टाकू देत नव्हते, त्या काळचा राहत्या जागेचा कागद आपल्याकडं मागतात. यात आदिवासींशी भांडायचं काही कारण नाही. त्यांना मिळालं ते कमीच आहे, आणि त्यांचेही दावे ढिगांनी फेटाळले. १३ फेब्रुवारी २०१९ ला फेटाळलेल्यांना बाहेर काढा असा आदेश झाला होता, पंधरा दिवसांत तो स्थगित झाला.

जमिनीची ही लढाई आपल्याला नवी नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमीन, सरकारी जमीन, वनखात्याची कसण्याजोगी जमीन भूमिहीनाला द्या ही मागणी. लाखोंनी तुरुंग भरले, बायका कडेवर लेकरं घेऊन आत गेल्या. त्यातून गायरानाचे आदेश निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या आदेशात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ही मुदत धरली. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख अतिक्रमणाची शेवटची तारीख झाली, हाही एक मान म्हणायचा! पण वनजमिनीचा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला.

तर कागद शोधायचे ते इथं. तहसीलला कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४. जन्म-मृत्यूच्या नोंदी. जातीच्या दाखल्यासाठी आपण ते चाळतोच, आता वस्तीच्या पुराव्यासाठी चाळा. त्यात आज्याच्या बापाचं नाव गावासकट आणि जातीसकट असतं. जी जात लिहून आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, तीच नोंद आपण त्या वेशीबाहेर नक्की राहत होतो याचा पुरावा आहे. महार वतनाचे कागद काढा. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, नोंदी गेल्या नाहीत. गाव नमुना १अ मध्ये गावच्या वनजमिनी आहेत, तो पाहून ठेवा, म्हणजे हद्दीवर बोलताना सर्व्हे नंबर तोंडात असेल.

कागद नसला तरी हरत नाही. वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुरावा म्हणून विहीर, दफनभूमी, पूजेची जागा चालते. आणि दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. एकाहून जास्त पुरावे लागतात, म्हणून दोन-तीन तरी धरा. १९३० पाहिलेलं माणूस आज शंभरीच्या घरात आहे. अशी माणसं बुद्धवाड्यात एखाददुसरी उरली असतील, नाही तर त्यांचं ऐकलेली ऐंशीची आजी असेल. भाषणं पुढच्या आठवड्यात ठेवा. या आठवड्यात वही घेऊन तिच्यापाशी बसा. हिरडा कुठं गोळा करायचा, गुरं कुठल्या ओढ्यानं न्यायची, मेलेलं माणूस कुठं पुरायचं, रानात जायला कोण अडवत होतं, सगळं तिच्याच शब्दांत उतरवा. मोठ्यानं वाचून दाखवा. अंगठा घ्या, शेजारी दोन साक्षीदार, खाली तारीख. मूळ प्रत घरी ठेवा, नक्कल वनहक्क समितीकडं द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.